दांडग्याचं पडणं

"पडा," बायको म्हणाली आणि तिने मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

चित्रकार पडला. गादीवर, व्यवस्थित. आधी गुडघे, मग कंबर, मग डोकं.

"हे पडणं? जेवून आडवा झालेला माणूस वाटतोय."

"पुन्हा घे."

"मी घेते हो. दम तुम्हाला लागलाय."

काम कंपनीचं होतं. हातात मावणाऱ्या यंत्रावर खेळायचा मारामारीचा गेम. दोन कंपन्यांनी आपापले नायक एकाच गेममध्ये उतरवायचं ठरवलं होतं. हस्तांदोलन झालं, फोटो निघाले, आणि मग प्रश्न आला, हरायचं कोणी? त्यावर दोन्हीकडचे वकील भांडले. त्या गेममधली खरी मारामारी तेवढीच. शेवटी करारात आलं, की दोघांनी सारखंच पडावं आणि पडणं 'स्पष्ट दिसेल असं' असावं.

इथे घोडं अडलं. चित्रकाराने काढलेला कंपनीचा नायक, दांडगा, उभ्या आयुष्यात पडला नव्हता. शक्ती संपली की तो हाताची घडी घालून धुरात नाहीसा व्हायचा. खेळणाऱ्यांना त्यात रुबाब दिसे. चित्रकाराला पडणारा माणूस काढायला आवडत नसे आणि धूर काढायला सोपा, एवढंच त्यामागचं रहस्य.

आता धूर बंद. समोरच्या कंपनीची पंखवाली नायिका लाथ मारणार, दांडगा आडवा होणार, औषधाची बाटली तोंडाला लावून उठणार. वर प्रत्येक पडण्यामागे त्याच्या नावावर थोडा अनुभव जमा होणार आणि तो एकेक पायरी चढत जाणार. पडून माणूस वर चढतो, हे ज्याने लिहिलं तो वयाने फार लहान असावा, असं चित्रकाराचं मत होतं.

त्याची पद्धत जुनी. जी हालचाल काढायची ती आधी स्वतः करायची, बायकोने ती टिपायची, मग त्यावरून एकेक चित्र. दांडग्याचा प्रत्येक ठोसा, प्रत्येक उडी याच खोलीत जन्मली होती. कोपऱ्यातल्या दिव्याची काच त्यातल्याच एका लाथेने फुटलेली. पण दांडगा पडद्यावर अंगठ्याएवढा. चेहरा दिसायचा नाही, जे कळायचं ते अंगावरून कळायला हवं. सकाळी पाठवलेलं पडणं ऑफिसने परत धाडलं होतं. शेरा होता, 'दमून बसल्यासारखा वाटतो.' संध्याकाळपर्यंत नवं हवं होतं.

"अहो, टेबल धरून काय पडताय? दांडग्याजवळ टेबल कुठलं?"

चित्रकाराने टेबल सोडलं. मग तो पडता पडता गादी जागेवर आहे ना, ते बघू लागला.

खरं पडणं त्याला माहीत नव्हतं असं नाही. तीच तर पंचाईत होती. गेले काही महिने त्याचा डावा पाय अधूनमधून, न कळवता, रजेवर जात होता. एकदा न्हाणीघरात, एकदा ऑफिसच्या जिन्यात, एकदा याच खोलीत, बायको भाजी आणायला गेलेली असताना. कोपरावरच्या काळ्यानिळ्या डागाचं खापर त्याने कपाटाच्या दारावर फोडलं होतं. डॉक्टरकडे गेलं असतं तर त्या पायाला काहीतरी नाव मिळालं असतं. मग ते नाव घरात राहायला आलं असतं आणि बायको त्याच्या उशाशी जागत बसली असती. तेव्हा तिला कळू द्यायचं नाही, एवढं एकच त्याचं धोरण होतं.

"कळवून टाका ऑफिसला," बायको म्हणाली. "म्हणावं, नाही जमत. आपला धूरच बरा होता."

हे मात्र झोंबलं. दांडग्याच्या बाबतीत 'नाही जमत' हे शब्द त्याने कोणाचेच ऐकून घेतले नव्हते.

"नीट धर," तो म्हणाला. उभा राहिला आणि त्याने डावा पाय सोडून दिला.

या खेपेला क्रमबिम काही नव्हता. पाय आतल्या आत मिटला. अंग डावीकडे कलंडलं. उजव्या हाताने वाटेतच चष्मा काढून उंच धरला. हनुवटी छातीला टेकली. आवाज सगळ्यात शेवटी आला.

पडल्या पडल्याच त्याला कळलं, जमलं. नामी जमलं. अंगठ्याएवढं केलं तरी आंधळ्याला दिसेल.

"बघ!" तो खुशीत ओरडला. "आलं की नाही?"

बायको हसली नाही. मोबाइल तिने तसाच धरून ठेवला होता.

"चष्मा," ती म्हणाली.

"काय झालं चष्म्याला?"

"मघापासून नाकावरच होता. आत्ता तुम्ही तो वरच्या वर काढलात."

"दांडग्याला कुठे चष्मा आहे? तेवढं गाळीन मी."

"पहिल्यांदाच असं पडणाऱ्याला चष्मा आठवत नाही हो."

"अगं, अभिनय आहे तो."

"अभिनय मघापासून बघतेय मी. तो तुम्हाला येत नाही."

तिची नजर त्याच्या कोपराकडे गेली, तिथून कपाटाकडे. कपाटाचं दार बाजूला सरकणारं होतं. ते उघडताना कोणाच्या कोपराला लागणं शक्य नव्हतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

चित्रकार गादीवरचा नसलेला धागा उचलू लागला.

बायकोने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "उठा," ती म्हणाली. "आणि परत एकदा पडा. मघासारखं."

"चांगलं आलंय की. हेच पाठवू ऑफिसला."

"ऑफिससाठी नाही."

ती गादीपाशी आली. आधी त्याच्या उजव्या बाजूला थांबली, मग जरा विचार करून डाव्या बाजूला गेली.

"मी कुठे उभं राहायचं, ते बघते," ती म्हणाली.