मानवंदना

१९९८ साली साउथ डकोटात व्हर्न वारला. "मला आमच्या मोटरसायकल क्लबनंच खांदा द्यायचा," असं त्यानं बायकोला, मार्लिसला, बजावून ठेवलं होतं.

अंत्ययात्रेत सर्वांत पुढे मोटरसायकलींच्या ताफ्याचा म्होरक्या डेल्बर्ट. वाऱ्याचा आवाज नको म्हणून त्यानं हेल्मेटमध्ये फोम कोंबलेला, आत गाणी लावलेली. दफनभूमीचं वळण सोडून तो सरळ गेला. म्होरक्याला सोडायचं नाही हा नियम, म्हणून बाकीचे हॉर्न वाजवत मागोमाग. ती मानवंदना समजून त्यानं मूठ उंचावली, वेग वाढवला.

वळली फक्त शववाहिका; आत चालकाशेजारी मार्लिस आणि पाद्रीबाबा.

"थांबायचं का, बाई?" चालक आर्लोनं विचारलं.

"चाळीस वर्षं याच मेल्यांपायी माझं जेवण गार झालं. धरा पेटी पुढून! मी नि पाद्रीबाबा मागून धरतो."



पुढे मार्लिसनं आर्लोशी लग्न केलं, आणि डेल्बर्टला क्लबनं अध्यक्ष केलं.