आरशामागचे तीन नट

ताऱ्याचं शेपूट काही जात नव्हतं.

फोकसची घुंडी पुढे फिरवली तरी शेपूट, मागे फिरवली तरी शेपूट. तारा टिंबासारखा दिसायला हवा, तर तो ओल्या बोटाने पुसल्यासारखा एका बाजूला ओघळलेला. धाकट्याने डोळा चोळला, पुन्हा भिंगाला लावला. घुंडीवर राग काढून झाल्यावर त्याने मान्य केलं की दोष फोकसचा नाही. दुर्बिणीच्या नळीत, अगदी तळाशी बसवलेला मोठा आरसा तिरका झाला होता. दादा दवाखान्यात असताना अडगळीच्या खोलीत कुणीतरी नळीवर सायकल टेकवली होती, असं तो मोठ्याने म्हणाला.

"कुणीतरी कशाला, मीच," वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "दुसरी जागा दाखवा मला त्या खोलीत."

आरशाच्या मागे तीन नट होते. ते फिरवले की आरसा कलतो. पण नळी माणसाएवढी लांब. डोळा वरच्या टोकाला, नट खालच्या टोकाला. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, त्याशिवाय गत्यंतर नाही. आरसा दोघा भावांनीच घासून तयार केलेला. तेव्हापासून दादा बघून सांगायचा आणि धाकटा खाली उकिडवा बसून फिरवायचा.

आता दादाला सांगता येत नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, बोलणं गेलं आणि तोंडात एकच शब्द उरला. परवा. भूक लागली तरी परवा, पोट भरलं तरी परवा. वहिनीला सुरावरून कळायचं. धाकट्याला सगळे परवा सारखेच.

तरी नळी अंगणात काढायला दादानेच लावलं होतं. घरी आणल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. घास भरवला तर खायचा, नाहीतर तसाच. आज दुपारी आपला आपण उठून बसला आणि डाव्या हाताने अडगळीच्या खोलीकडे बोट केलं. वहिनीने धाकट्याला फोन करून एवढंच सांगितलं, की ह्यांनी आज पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, हातातलं काम टाकून या.

दोष आरशाचा हे कळल्यावर दादाला खुर्चीत बसवून त्याचा डोळा भिंगाशी आणला. धाकट्याने खाली बसून पहिला नट धरला आणि जरासा फिरवला.

"बरोबर जातोय का?"

"परवा."

"म्हणजे हो?"

"परवा," दादा जोरात म्हणाला.

धाकट्याने आणखी फिरवला. मग उठून पाहिलं, तर तारा भिंगातूनच गायब. तो शोधून परत मध्ये आणेपर्यंत मान आखडली. ते थांबा म्हणत होते, असं वहिनीने खिडकीतून सांगितलं. मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं धाकटा म्हणाला. चुलीशी बसू की तुमच्याशी, असं तिनेही ऐकवलं.

मग धाकट्याने युक्ती काढली. नळीवर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. दादाने मान डोलावली. पण टिचकी मारली की नळी थरथरायची आणि तारा भिंगात नाचायचा. तो थांबेपर्यंत दादाला दुसरी टिचकी मारायची होती की नव्हती, हेच कळेनासं व्हायचं. एकदा तर त्याने तीन मारल्या. धाकट्याचे गुडघे भरून आले होते आणि बोटं नटाच्या धारेने सोलली होती. शेपूट होतं तेवढंच होतं, फक्त बाजू बदलून.

"दादा, तुला दिसतंय तरी का काही?" तो म्हणाला. "की नुसताच डोळा लावून बसलायस?"

स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला.

दादाने भिंगावरून डोळा काढला. मान हळूहळू घराच्या भिंतीकडे वळवली आणि तशीच ठेवली. धाकट्याला शब्द परत गिळावेसे वाटले. तो नटाकडेच बघत राहिला.

खुर्ची करकरली. दादा डाव्या हाताने तिचा दांडा धरून खाली घसरत होता. धाकटा धावला, वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आली. दादाने दोघांचेही हात झटकले. फरशीवर फतकल मारून तो बूड घासत घासत नळीच्या तळाशी गेला, डावा हात नटावर ठेवला आणि हनुवटीने धाकट्याला वर जायला सांगितलं.

आता धाकटा भिंगाशी आणि दादा खाली. थोडा, धाकटा सांगू लागला. अजून. नाही, उलट. सांगणं इतकं अवघड असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. भिंगात सगळं उलटं दिसायचं, तो डावीकडे म्हणायचा आणि उजवीकडचं हवं असायचं. दादा खालून चिडून परवा म्हणायचा आणि त्याचं न ऐकता योग्य तोच नट धरायचा. डावी बोटं घसरायची, पुन्हा धरायची. दोनदा तारा निसटला, दोनदा धाकट्याने तो शोधून आणला.

शेपूट आखूड झालं. मग नुसता फुगवटा उरला. मग टिंब.

"जमलं," धाकटा म्हणाला. "दादा, जमलं रे. सोड ते. ये, बघ आता."

वहिनीने खुर्ची ओढून आणली आणि दादाच्या काखेत हात घातला. दादा उठला नाही. त्याने एकदा धाकट्याकडे पाहिलं, मग नटाला सावकाश दोन पूर्ण फेरे दिले. उलटे.

भिंगातला तारा कडेला पळाला आणि दिसेनासा झाला.

"अरे, काय केलंस हे? एवढी मरमर करून..."

वहिनीने दादाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या काखेतला हात काढून घेतला आणि खुर्ची परत भिंतीशी नेऊन ठेवली. बोटं दुसऱ्या नटावर ठेवून, मान वर करून, धाकटा आता काय सांगतोय याची दादा वाट बघत होता.