धाकटीचा स्टेंट

१९९८ सालची गोष्ट. आक्रसलेली अन्ननलिका उघडी धरून आपोआप विरघळणारा स्टेंट, म्हणजे तंतूंनी विणलेली जाळीदार नळी, धाकटीने बनवला आणि तपासायला नेमका थोरलीकडे आला. दोघी बहिणी एकाच प्रयोगशाळेत. लहानपणापासून कौतुक धाकटीचं, पोटदुखी थोरलीची. इतर तपासनीस कोमट आम्लाच्या बरणीतला स्टेंट काचेतूनच बघत. थोरलीने सहाव्या आठवड्यात तो बाहेर काढून, हातमोजा उतरवून आतून बोट फिरवलं. टचकन काहीतरी टोचून रक्त आलं. विरघळण्याऐवजी तुटलेला तंतू सुईसारखा उभा होता. "सापडली खोट!" ती आनंदाने ओरडली. धाकटी धावत आली, पांढरीफटक पडली. बोटाला कापूस लावत म्हणाली, "ताई, हे एखाद्याच्या घशात रुतलं असतं गं! तू होतीस म्हणून कळलं!" थोरलीचा चेहराच उतरला. पुढे सुधारलेल्या स्टेंटमुळे धाकटी नावारूपाला आली. थोरली तपासणीप्रमुख झाली आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक स्टेंट धाकटीचाच समजून तपासत राहिली.