लाल पक्षी

“बाई, आमचा पक्षी कुठे गेला?” चपला शिवणाऱ्या काकांनी चित्रकार बाईंना विचारलं.

भिंतीपुढे ही गर्दी. उद्घाटनाला अजून अवकाश होता, पण वस्तीतले आणि पलीकडच्या इमारतींतले सगळे नटूनथटून केव्हाच हजर झाले होते. एका गटारावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी महिनाभर एकाच डब्यात ब्रश बुचकळत होती. घरटी एक पक्षी. आकार बाईंनी काढून द्यायचा, रंग ज्याचा त्याने भरायचा. “कुठला आणि कसा, ते तुमचं तुम्ही ठरवा,” असं बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. आता जो तो आपल्या पक्ष्याखाली उभा राहून फोटो काढून घेत होता आणि शेजाऱ्याच्या पक्ष्याचं कौतुकही करत होता, निदान तोंडावर तरी.

“हा काय, इथेच आहे की,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच खोटा वाटला.

“हा निळा आहे.”

निळा होताच. बाईंनी दिलेला निळा एकशे अकरा घरांनी मुकाट्याने वापरला होता आणि मधोमध हा एकच भडक लाल. आठवडाभर तो बाईंच्या डोळ्यांत सलत होता. वर्तमानपत्रवाले येणार, कोपऱ्यात आपली सही असणार. शेवटी आज सकाळी, कोणी उठायच्या आत, त्यांनी त्याच्यावर निळ्याचे दोन हात मारले. दहा मिनिटांचं काम. ते करताना मनात जराही चलबिचल झाली नाही, याचीच त्यांना आता लाज वाटत होती.

“सगळे एकसारखे दिसावेत, म्हणून मी...”

“चुकलं माझंच,” काका घाईघाईने म्हणाले. “तुम्ही निळा दिला होतात. लाल मीच घरून आणला, हिच्यासाठी.” त्यांनी रस्त्यापलीकडे दुसऱ्या मजल्याकडे बोट केलं. खिडकीत एक म्हातारी गज धरून उभी होती. “डोळे गेल्यातच जमा आहेत. इतक्या लांबून लाल तेवढं कळतं तिला. जिना काही आता उतरवत नाही. म्हटलं, वरून तरी आपलं काहीतरी दिसेल.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका शब्दाने विचारलं असतं तर!

“मी परत लाल करते, काका. आत्ता करते.”

पण तेवढ्यात साहेबांची गाडी आली, टाळ्या सुरू झाल्या, आणि लोटालोटीत बाई पुढे ढकलल्या गेल्या.

“अहो, आपला कुठला?” वरून हाक आली.

काकांनी खिशातून बूट पुसायचं लाल फडकं काढलं, झटकलं आणि हात उंच करून त्या निळ्या पक्ष्यावर पसरून धरलं. “हा बघ गं!”

“दिसला!” म्हातारी लहान मुलीसारखी हसली. “दिसला हो, दिसला!”

साहेबांचं भाषण सुरू झालं. एकोपा झाला, आपुलकी झाली, बाईंच्या नावाने टाळ्याही झाल्या. म्हातारी खिडकीतून हलली नाही, आणि काकांचा हातही खाली आला नाही. तो अवघडला, तसा त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. बाईंना ते पाहवेना. त्या गर्दीतून वाट काढत काकांजवळ गेल्या.

“द्या काका, थोडा वेळ मी धरते.”

“नको बाई,” काका मान न वळवता म्हणाले. “आता तुम्ही नका हात लावू.”