चुन्याखालचा ठिपका

भिवंडीत भिंतीवर लाल खूण आली की रस्ता रुंद होतो आणि घर जातं, हे राहीबाईंनी पाहिलेलं होतं. वादळात कुणाचे पत्रे उडतील ते तपासून स्वयंसेविका मेघालीने खाडीकाठच्या घरांवर लाल ठिपके काढले, तेव्हा तिची पाठ वळताच राहीबाईंनी आपला ठिपका चुन्याने झाकला. चक्रीवादळाच्या सकाळी मेघाली ठिपक्यांची घरं शोधून माणसं शाळेत नेत होती. राहीबाईंच्या दारावरून पुढे गेली, मग मागे फिरली. मळक्या भिंतीवर एकच वीतभर जागा पांढरीफेक होती. “आजी, चला. घर पाडायला नाही, तुम्हाला न्यायला आलेय.” राहीबाईंनी कोंबडी काखोटीला मारली. दुसऱ्या दिवशी परतल्या, तर पत्रे शेतात, आढं खाटेवर. “नवे पत्रे तारेने बांधले की ठिपका पुसू,” मेघाली म्हणाली. राहीबाई नखाने चुना खरवडत म्हणाल्या, “तवर दिसला पायजे.”