बोहणीआधीचा निकाल

०–२

दुसरा गोल झाला तेव्हा सुंदररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. गोल तसाच होता.

अंगणात चाळीसेक माणसं. खाटांवर, पोत्यांवर, काही भिंतीवर. मधोमध सुंदररावांचा रंगीत टीव्ही. माडीवर त्यांच्या मुलाने, अमरसिंहाने, संक्रांतीच्या तोंडावर बसवलेली डिशची छत्री, नेकनुरातली पहिली. आणि टीव्हीसमोरच्या एकुलत्या खुर्चीत संगमेश वाणी. मानाची खुर्ची. त्याला ती नको होती.

पिवळ्या जर्सीतला फुटबॉल क्लब त्याचा. थॉर्नवेल टाउन. इंग्लंडातल्या तिसऱ्या फळीतला. एरवी असल्यांना टीव्हीवर कोण विचारतो? पण चषकाच्या सामन्यात यंदा त्यांची गाठ लंडनच्या बड्या क्लबशी पडली होती.

गावाला हा क्लब माहीत होता. संगमेशने सांगितला तेवढा. म्हणजे अजिंक्य.

०–३

खोटं ठरवून बोलला नव्हता तो.

बारा वर्षांपूर्वी शनिवारच्या रेडिओवर निकालांची लांबलचक यादी लागायची. त्यात खाली कुठंतरी हे नाव यायचं, बहुतेक हरलेलं. आधी कीव आली. मग शनिवार उजाडला की तो निकालाची वाट बघायला लागला. ना मैदान ठाऊक, ना एकाही खेळाडूचा चेहरा. तरी क्लब हरला की त्याला घास गिळवत नसे. बायको कावेरी काही न विचारता ताट झाकून ठेवी.

असाच एक रविवार. बाजाराचा दिवस. सुंदरराव सकाळीच दुकानात आले आणि काय म्हणती तुझी टीम, असं सहज विचारून गेले. टीम चार गोलांनी हरली होती. पण बोहणी व्हायची होती. पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत हरल्याची, मेल्याची, बुडाल्याची गोष्ट तोंडातून काढायची नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. तो म्हणाला, जिंकली. बोहणी झाली की खरं सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. बोहणी झाली तोवर सुंदरराव बाजारात पोचून बैलजोडी घेऊन बसले होते.

जोडी सोन्यासारखी निघाली.

पुढच्या रविवारी ते चौघांना घेऊन आले. मग शेजारच्या पाली गावची माणसं यायला लागली. बाजारात शिरण्याआधी सगळे वाण्याच्या ओट्यापाशी थांबायचे, कौल घेतल्यासारखे. टीम जिंकली म्हटलं की कुणी म्हैस घ्यायचं, कुणी सोयरिकीची बोलणी पक्की करायचं. आणि सगळे यायचे ते बोहणीच्या आधीच. हरल्याचं सांगायला मुहूर्तच सापडेना. कावेरी एकदा म्हणाली, अशानं तुमची टीम विलायतेच्या गादीवर बसंल. गेल्या साली क्लब खालून दुसरा आला. सुंदररावांनी गावभर पेढे वाटले.

संगमेशआप्पा म्हणाला म्हणजे झालं, असं गाव म्हणायचं. त्याचा तराजू कुणी तपासत नसे. वाण्याजवळ विश्वासाशिवाय दुसरं असतं काय?

०–५

लाइट गेली नाही. रोज जाते. आज नाही.

आणि संगमेश पहिल्यांदाच त्यांना बघत होता. त्यांचा गोलकीपर टकला निघाला, जरा पोट सुटलेला. चार नंबरवाला लंगडत होता. रेडिओ नुसता आकडा सांगायचा. हे पाच गोल खाऊनही साध्या एका थ्रोसाठी पंचाशी भांडतात, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

अंगणात कुजबुज सुरू झाली. अमरसिंहाला हसू आवरेना. हीच का आप्पा तुमची चॅम्पियन टीम, असं त्याने विचारलं, आणि बापाने डोळे वटारले तसा गप्प झाला.

०–६

गोलकीपर चिखलात आडवा. उठेना.

सुंदरराव उठले. टीव्हीचा आवाज पार बारीक केला.

"अमर, कावून भलतीच टीम दाखवायलास बे? हे आपले न्हाईत."

अंगण एकदम सैल झालं. कुणी म्हणालं, पिवळी बंडी काय कुणी बी घालतंय. भिंतीवरून कुणी म्हणालं, नावाचं काय घेऊन बसलात, पिंपळगाव का एकच हाय? लोक हसले. बरं वाटलं त्यांना. मग एकेक करत सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

"संगमेश, तू सांग," सुंदरराव म्हणाले. "तू न्हाई म्हण. विषय संपला."

एक शब्द. मग सगळे उठून घरी जातील. उद्या रविवार. ओट्यापाशी माणसं थांबतील, विचारतील, बाजारात शिरतील. सगळं होतं तसं राहील. दारातल्या बायकांत कावेरी उभी होती. ती टीव्हीकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

पडद्यावर गोलकीपर एका हातावर जोर देऊन उठला. जाळ्यातला चेंडू काढून त्याने स्वतःच मधोमध भिरकावला. मग चिखलाच्या हातांनी टाळ्या वाजवत पुढच्यांना काहीतरी ओरडून सांगू लागला. आवाज येत नव्हता. नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

संगमेश खुर्चीतून उठून उभा राहिला.

"आपलेच हाईत, आबा," तो सुंदररावांना म्हणाला. "पयल्यापासून असेच हाईत."