माझ्याकडे चालतंय

"सूचना नीट वाचा. माझ्याकडे चालतंय," पडवळ सरांनी ग्रुपवर तिसऱ्यांदा ठणकावलं.

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला त्यांचा किल्ल्यांचा गेम सगळ्यांसाठी खुला होता. कुणीही नेटवरून कोड उतरवावा, भर घालावी. माझ्या लॅपटॉपवर तीन दिवस तो उघडायलाच तयार नव्हता. जावाची आवृत्ती दोनदा बदलून झाली.

शेवटी चिडून मी त्यांचा कोड ओळीओळीने वाचला. गेम किल्ल्यांचे नकाशे शोधत होता तो थेट सरांच्या घरच्या कॉम्प्युटरवर, डी ड्राइव्हमध्ये!

मी लिहिलं, "सर, नकाशे तुमच्या घरीच राहिलेत. चार वर्षांत कुणी मदतीला आलं नाही म्हणून आम्हाला आळशी म्हणता ना? सगळे आले होते. कडी तुम्हीच आतून लावली होती."

सरांनी मला ग्रुपमधून काढलं आणि गुपचूप नकाशे चढवले.

आता माझ्याकडेही चालतंय.